लॉर्ड शाफ्ट्सबरी आणि चर्च ऑफ इंग्लंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडवर लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त प्रश्न येतात ते या एका माणसाबद्दल. शाळेत आपण त्याला 'कारखाना कायदे करणारा दयाळू उमराव' म्हणून भेटतो. मग कुठेतरी वाचनात येते की हाच माणूस बिशपांच्या नेमणुकांत लक्ष घालत होता, धूप-मेणबत्त्यांवरून भांडत होता, रविवारी टपाल बंद करायला निघाला होता, आणि वाचक गोंधळतो. इथे तेच प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. जिथे उत्तरे एकमेकांत मिसळतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाफ्ट्सबरी नावाचे बरेच लॉर्ड सापडतात. त्यातले हे कोणते?

हे सातवे अर्ल (अर्ल ही उमरावाची पदवी), अँथनी ॲशली-कूपर. जन्म २८ एप्रिल १८०१, मृत्यू १ ऑक्टोबर १८८५. घराण्यात मोठ्या मुलाचे नाव अँथनीच ठेवायची रीत होती, त्यामुळे घोळ होतो. पहिले अर्ल सतराव्या शतकातले राजकारणी आणि तिसरे अर्ल तत्त्वज्ञ. त्या दोघांशी गल्लत करू नका.

आणखी एक खूणगाठ बांधून ठेवा. १८५१ मध्ये वडील वारले आणि ते अर्ल झाले. त्याआधीच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'लॉर्ड ॲशली' असाच येतो. 'लॉर्ड' असूनही ते तेव्हा हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून जात, कारण अर्लच्या थोरल्या मुलाची ती पदवी केवळ मानाची होती. १८५१ नंतर ते हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसले.

२. इव्हँजेलिकल म्हणजे वेगळा पंथ का? ते अँग्लिकन होते की इव्हँजेलिकल?

दोन्ही. अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा. हे चर्च एकच घर, पण त्यात तीन वेगळ्या चुली पेटत होत्या. इव्हँजेलिकल मंडळींचा भर बायबलवर, येशूच्या क्रूसावरच्या मरणावर, प्रत्येकाच्या अंतःकरणातल्या पालटावर आणि त्यातून आलेल्या कामावर. हाय चर्चवाल्यांचा भर बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा संस्कारांवर, बिशपांच्या अखंड परंपरेवर आणि उपासनेच्या विधींवर. तिसरे ब्रॉड चर्चवाले, ते नव्या विद्येशी जुळवून घेऊ पाहणारे.

मराठी वाचकाला हा फरक समजायला लंडन गाठायची गरज नाही. नाशिकच्या शरणपूरला काम केले ते चर्च मिशनरी सोसायटीने, म्हणजे इव्हँजेलिकल मंडळींनी. पुण्याच्या पंचहौदात आले ते काउलीचे संन्यस्त पाद्री आणि वाँटेजच्या भगिनी, म्हणजे हाय चर्चच्या टोकाची मंडळी. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो याच वाँटेजच्या भगिनींकडे. चर्च एकच, बिशपही त्याच चर्चचे, पण प्रभुभोजनाच्या वेळी पाद्री कुठे उभा राहतो आणि अंगावर काय घालतो यावरूनच तुम्हाला कळते की तुम्ही कोणत्या चुलीपाशी आला आहात.

३. ही श्रद्धा त्यांना घराण्यातून मिळाली का?

आईवडिलांकडून तर नक्कीच नाही. वडील कडक, आई अलिप्त. मुलांना त्या घरात माया अशी मिळालीच नाही. माया केली ती मारिया मिलिस या घरातल्या वृद्ध कामवालीने. ती साधी, भाविक बाई. तिने या मुलाला मांडीवर घेऊन बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या आणि प्रार्थना शिकवली. तो लहान असतानाच ती वारली. जाताना आपले सोन्याचे घड्याळ त्याच्या नावे ठेवून गेली.

ते घड्याळ त्यांनी जन्मभर वापरले. दाखवताना ते अभिमानाने सांगत की हे मला जगातल्या माझ्या सर्वांत चांगल्या मैत्रिणीने दिले आहे. एका अर्लच्या खिशात मोलकरणीचे घड्याळ साठ-सत्तर वर्षे टिकटिकत राहिले. त्यांच्या धर्माचा उगम शोधायचा असेल तर बिशपांच्या ग्रंथांआधी या घड्याळाकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रसंग हॅरोच्या शाळेतला. टेकडीवरून एका गरिबाची अंत्ययात्रा येत होती. शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसे दारू प्यायलेली, गाणी म्हणणारी. वळणावर त्यांच्या हातून पेटी खाली पडली. मागे रडणारे कोणी नाही. हे पाहून कोवळ्या वयातल्या ॲशलींनी गरिबांसाठी आयुष्य घालवायचे ठरवले, असे ते पुढे स्वतः सांगत.

४. ते पाद्री होते का? नसतील तर चर्चच्या कारभारात त्यांना काय अधिकार?

पाद्री नव्हते. शेवटपर्यंत सामान्य श्रद्धावंतच राहिले आणि त्याचाच त्यांना अभिमान होता. चर्च म्हणजे पाद्री नव्हे, चर्च म्हणजे सगळे श्रद्धावंत, हे त्यांचे ठाम मत. प्रश्न ९ मधली सगळी लढाई या एका मतावर उभी आहे.

अधिकार कुठून आला? चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याचे चर्च. त्याचे कायदे पार्लमेंट करी, बिशप स्वतः लॉर्ड्समध्ये बसत. म्हणजे खासदार असणे किंवा उमराव असणे हाच चर्चच्या कारभारात शिरायचा राजरस्ता होता. शिवाय इंग्लंडमध्ये गावच्या चर्चवर पाद्री कोण हे ठरवण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणी जमीनदाराकडे असे. हा हक्क मालमत्तेसारखा वारशाने येई आणि विकताही येई. आपल्याकडच्या वतनाची आठवण यावी अशीच ही गोष्ट. उमराव इव्हँजेलिकल असला की त्याच्या गावांना इव्हँजेलिकल पाद्री मिळत.

तिसरी वाट संस्थांची. तिच्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

५. एवढ्या संस्थांचे ते अध्यक्ष कसे? नावापुरतेच असतील ना?

बऱ्याच उमरावांच्या बाबतीत ते खरे होते. कागदाच्या माथ्यावर नाव आणि वर्षातून एकदा दर्शन. शाफ्ट्सबरींचे तसे नव्हते. ते सभांना जात, हिशेब विचारत, भांडणे सोडवत.

चर्चच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची संस्था म्हणजे १८३६ मध्ये स्थापन झालेली चर्च पास्टोरल एड सोसायटी. स्थापनेपासून मरेपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, ते तिचे अध्यक्ष. कारखान्यांच्या शहरांत एकेका पाद्र्याच्या वाट्याला हजारो माणसे येत होती. संस्था अशा ठिकाणी जादा पाद्र्यांचा पगार देई, आणि त्याबरोबर पाद्री नसलेले कार्यकर्तेही पाठवी. हाय चर्चवाल्यांना हेच खटकले. दीक्षा न घेतलेल्या माणसाने घरोघर जाऊन धर्म शिकवायचा म्हणजे काय? त्यांनी १८३७ मध्ये फक्त पाद्र्यांना मदत करणारी वेगळी संस्था काढली. पाद्री मोठा की श्रद्धावंत, हा वाद असा पगाराच्या वहीपर्यंत आला होता.

१८५१ पासून ते ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीचेही अध्यक्ष होते. तिथे अँग्लिकन आणि चर्चबाहेरचे प्रोटेस्टंट एकत्र काम करत. १८४४ च्या रॅगेड स्कूल युनियनमध्ये, म्हणजे फाटक्या कपड्यांतल्या पोरांच्या फुकट शाळांच्या कामातही तसेच. दर मे महिन्यात लंडनच्या स्ट्रँडवरच्या एक्झेटर हॉलमध्ये या सगळ्या संस्थांचे वार्षिक मेळावे भरत. 'एक्झेटर हॉल' हा शब्दच इव्हँजेलिकल जनमताचा पर्याय होऊन बसला होता.

६. 'पामरस्टनच्या काळात बिशप शाफ्ट्सबरीच नेमायचे' हे खरे का?

बरेचसे खरे, पण पूर्ण नाही.

आधी पद्धत समजून घेऊ. बिशपची जागा रिकामी झाली की पंतप्रधान राणीला नाव सुचवी. राणी त्या कॅथीड्रलच्या पाद्रीमंडळाला निवडणुकीची परवानगी पाठवी आणि सोबतच्या पत्रात कोणाला निवडायचे तेही लिहिलेले असे. निवडणूक होई, पण नाव आधीच ठरलेले. त्यामुळे पंतप्रधानाच्या कानाशी कोण आहे, याला फार महत्त्व.

१८५५ मध्ये लॉर्ड पामरस्टन पंतप्रधान झाले. शाफ्ट्सबरींच्या पत्नी एमिली, घरच्यांच्या मिनी, यांच्या आईने १८३९ मध्ये पामरस्टनशी लग्न केले होते. म्हणजे पंतप्रधान हे शाफ्ट्सबरींच्या सासूबाईंचे दुसरे पती. घरोबा दाट होता. आणि पामरस्टनना धर्मशास्त्रात गती नव्हती. बायबलमधला मोझेस कोण आणि सिडनी स्मिथ हा विनोदी पाद्री कोण, हेही त्यांना सांगता यायचे नाही, अशा अर्थाचे शाफ्ट्सबरींनी स्वतः लिहून ठेवले आहे. मग सल्ला कोणाचा घेणार? जावयाचा.

पुढच्या दोन वर्षांत व्हिलियर्स कार्लाइलला, बेअरिंग ग्लॉस्टर-ब्रिस्टलला, बिकरस्टेथ रिपनला, पेलम नॉरिचला बिशप झाले. सगळे इव्हँजेलिकल. त्याआधी अशी माणसे बिशपपदापासून जवळजवळ दूरच ठेवली जात. विद्वत्तेसाठी आणि राजकीय वशिल्यासाठी दिल्या जाणाऱ्या जागा प्रथमच गावोगाव राबणाऱ्या, व्यासपीठावरून साध्या भाषेत बोलणाऱ्या पाद्र्यांना मिळू लागल्या. ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स यावर संतापले होते. गुलामीविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्सचे हे चिरंजीव. वडील इव्हँजेलिकलांचे दैवत, मुलगा हाय चर्चकडे गेलेला.

आता 'पूर्ण नाही' का, ते सांगतो. १८५९ नंतर पामरस्टनच्या मंत्रिमंडळात ग्लॅडस्टन आले, ते पक्के हाय चर्चवाले. त्यानंतर नेमणुकांत विद्यापीठातले विद्वान आणि इतर विचारांचे लोकही आले. राणीचेही मत असे आणि ती ते मांडायची. आणि शाफ्ट्सबरींच्या शिफारशीतली सगळीच माणसे सोन्याची निघाली नाहीत. व्हिलियर्सना पुढे डरहॅम मिळाले. तिथे एक भरघोस उत्पन्नाची जागा त्यांनी आपल्या जावयालाच दिली आणि देशभर छी-थू झाली. गावोगाव राबणारे बिशप दिले, हे शाफ्ट्सबरींचे श्रेय. बुद्धीच्या लढाईला उभे राहतील असे थोडेच दिले, हा आक्षेपही मला खरा वाटतो.

७. 'घरात वीसपेक्षा जास्त माणसे प्रार्थनेला जमली तर गुन्हा' असा कायदा इंग्लंडमध्ये खरेच होता?

होता. घरच्या माणसांखेरीज वीसपेक्षा जास्त लोक उपासनेसाठी जमवायचे तर जागेची नोंदणी लागे. चर्चबाहेरचे पंथ आपली प्रार्थनागृहे नोंदवून मोकळे होत. अडचण व्हायची ती अँग्लिकन माणसाची. त्याने शाळेच्या खोलीत किंवा एखाद्या मजुराच्या घरात तीस माणसे जमवून बायबल वाचले तर कायदा मोडला. शाफ्ट्सबरी ज्या सभांना जात त्यातल्या कित्येक कायद्याच्या अक्षराप्रमाणे बेकायदा होत्या.

१८५५ मध्ये त्यांनी हे बंधन काढायचे विधेयक आणले. लॉर्ड्समध्ये बिशपांपैकी काहींनी कडवा विरोध केला, कारण पाद्र्याच्या हुकमतीबाहेर उपासना सुरू झाली तर पॅरिशची, म्हणजे एका पाद्र्याकडे सोपवलेल्या हद्दीची, शिस्त राहणार कशी? विधेयक काटछाट होऊन पास झाले.

८. मग थिएटरमधल्या उपासनेवर एवढे वादळ का झाले? कायदा तर बदलला होता.

कारण १८५५ च्या कायद्याने एक गोष्ट बदलली नव्हती. आपल्या पॅरिशच्या हद्दीत दुसऱ्या अँग्लिकन पाद्र्याला प्रवचन करू द्यायचे की नाही, हा अधिकार स्थानिक पाद्र्याकडेच राहिला. १८५७ च्या उन्हाळ्यात एक्झेटर हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी कामगारांसाठी उपासना सुरू झाली, तुफान गर्दी लोटली, आणि त्या पॅरिशच्या पाद्र्याने मनाई केली. अँग्लिकन पाद्री थांबले. मग चर्चबाहेरच्या पाद्र्यांनी त्याच हॉलमध्ये उपासना चालू ठेवली, त्यांना ही मनाई लागू होत नव्हती.

१८६० च्या सुरुवातीला गोष्ट थिएटरांपर्यंत गेली. व्हिक्टोरिया, सॅडलर्स वेल्स, ब्रिटानिया, गॅरिक. आठवडाभर जिथे नाच-तमाशे, तिथे रविवारी बायबल. चर्चमध्ये बाके भाड्याने दिलेली असत आणि गरिबाला मागे उभे राहावे लागे. अंगावर धड कपडा नसलेला माणूस तिथे पाऊल ठेवायला लाजायचा. थिएटरात तो सवयीने शिरायचा आणि कामाच्या कपड्यांत बसायचा. फेब्रुवारी १८६० मध्ये लॉर्ड डंगॅनन यांनी लॉर्ड्समध्ये याविरुद्ध ठराव आणला. शाफ्ट्सबरी प्रदीर्घ बोलले. कोण येते, कसे बसते, किती शांत ऐकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून सांगितले. ठराव मागे घेतला गेला.

९. धूप, मेणबत्त्या, झगे यांवरून ते एवढे का चिडत? ही क्षुल्लक गोष्ट नव्हे का?

त्यांच्या दृष्टीने नव्हती. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये न्यूमन, कीबल, प्युसी यांची चळवळ सुरू झाली. पाद्र्याचा अधिकार प्रेषितांपासून चालत आला आहे, संस्कारांतून कृपा मिळते, असे ती सांगे. पुढच्या पिढीने त्यातून रोमन कॅथलिक धाटणीचे विधी आणले. शाफ्ट्सबरींना यात दिसला तो माणूस आणि देव यांच्यामध्ये पुन्हा उभा राहणारा पाद्री. मारिया मिलिसने मांडीवर शिकवलेली प्रार्थना कोणत्याही मध्यस्थाशिवाय देवाकडे जात होती. ते त्यांना सोडवेना.

१८६६ मध्ये ते लंडनच्या हॉलबर्नमधल्या सेंट अल्बन्स चर्चला मुद्दाम जाऊन आले. तिथले झगे, धूप, वाकणे-झुकणे पाहून त्यांनी रोजनिशीत लिहिले की बाह्य रूपाने ही ज्युपिटर आणि जुनो या प्राचीन रोमन देवतांची पूजा आहे. पण याच चर्चचे पाद्री लंडनच्या भयाण झोपडवस्तीत, शाफ्ट्सबरींच्याच लाडक्या गरिबांमध्ये, जीव तोडून काम करत होते. ते त्यांना पुरेसे दिसले नाही, याची मला खंत वाटते.

१८७४ मध्ये आर्चबिशप टेट यांनी विधींना आळा घालणारे विधेयक आणले आणि पंतप्रधान डिझरायलींनी ते उचलून धरले. शाफ्ट्सबरींची दुरुस्ती अशी की खटले बिशपांपुढे न चालता एकाच न्यायाधीशापुढे चालावेत आणि तो पाद्री नसावा. ती मान्य झाली. परिणाम उलटा झाला. विधीवादी पाद्र्यांनी असल्या न्यायाधीशाचा अधिकारच नाकारला, आणि न्यायालयाच्या अवमानासाठी एकेक करून पाच पाद्री तुरुंगात गेले. मँचेस्टरजवळच्या माइल्स प्लॅटिंगचे सिडनी ग्रीन तर दीड वर्षाहून जास्त काळ लँकेस्टरच्या तुरुंगात होते. लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे वळली आणि कायदा निकामी झाला. रद्द मात्र विसाव्या शतकात झाला.

१०. प्युसी त्यांचे कट्टर विरोधक. मग १८६४ मध्ये दोघे एकत्र कसे आले?

१८६० मध्ये सात अँग्लिकन लेखकांनी बायबलकडे नव्या चिकित्सक दृष्टीने पाहणारे लेख एकत्र छापले. त्यातल्या दोघांवर चर्चच्या न्यायालयात खटला झाला आणि १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अपिलाच्या शेवटच्या न्यायालयाने, त्यांना सोडले. बायबल हे देवाचे वचन आहे या पायालाच हात लागला, असे दोन्ही बाजूंना वाटले. शाफ्ट्सबरी आणि प्युसी ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात एकाच काळात शिकलेले. जुनी ओळख कामी आली, पत्रे गेली-आली, हातात हात घेतले गेले.

म्हणून 'शाफ्ट्सबरी हाय चर्चच्या विरोधात' हे वाक्य अर्धेच खरे. बायबलवरच्या चिकित्सेची भीती त्यांना धुपापेक्षा मोठी होती. १८६६ मध्ये येशूच्या चरित्रावरच्या एका निनावी पुस्तकाबद्दल भर सभेत ते बोलून गेले की नरकाच्या जबड्यातून ओकले गेलेले याहून घातक पुस्तक नाही. पुस्तकाचा खप त्यामुळे वाढला.

११. जेरुसलेम आणि ज्यू यांच्याशी त्यांचा काय संबंध?

फार जवळचा, आणि तो थेट श्रद्धेतून आलेला. वॉटनचे पाद्री एडवर्ड बिकरस्टेथ (प्रश्न ६ मधले रिपनचे बिशप ते वेगळे) यांच्या सहवासात त्यांची खात्री झाली की ख्रिस्त लवकरच परत येणार आणि त्याआधी ज्यू आपल्या भूमीत परततील. त्यांच्या बोटातल्या अंगठीवर 'यरुशलेमेच्या शांतीसाठी प्रार्थना करा' हे स्तोत्रातले वचन कोरलेले होते. पाकिटांवर ग्रीकमध्ये छापलेले असे, 'ये, प्रभू येशू, ये.'

१८४१ मध्ये इंग्लंड आणि प्रशिया यांनी मिळून जेरुसलेमला प्रोटेस्टंट बिशप नेमला. त्यामागे प्रशियाचे मुत्सद्दी बुन्सेन होते, आणि इंग्लंडकडून शाफ्ट्सबरींनी पामरस्टनकडे लावलेला धोशा होता. पहिले बिशप मायकल सॉलोमन अलेक्झांडर जन्माने ज्यू, पूर्वीचे रब्बी. न्यूमनना मात्र ल्युथरनांशी, म्हणजे जर्मन प्रोटेस्टंटांशी, झालेल्या या सोयरिकीचा धक्का बसला. त्यांना रोमकडे, म्हणजे कॅथलिक चर्चकडे, ढकलणाऱ्या कारणांत त्यांनी हेही मोजले.

आता अवघड भाग. ज्यूंच्या परतीसाठी झटणाऱ्या याच माणसाने ज्यूंना पार्लमेंटमध्ये बसू द्यायला १८४७ मध्ये विरोध केला, कारण खासदाराची शपथ ख्रिस्ती असावी असे त्यांचे मत. आणि त्याच माणसाने १८६८ मध्ये सर मोझेस मॉन्टेफिऑरी या ज्यू गृहस्थांना लॉर्ड करावे म्हणून ग्लॅडस्टनना पत्र लिहिले. मत बदलले, असे सरळ म्हणावे.

१२. रविवारचे टपाल त्यांनी बंद केले होते?

हो, काही आठवडे. ३० मे १८५० ला कॉमन्समध्ये त्यांचा ठराव थोड्या मतांनी पास झाला आणि जूनअखेर रविवारचे टपाल थांबले. एवढा गदारोळ उठला की उन्हाळा संपायच्या आत निर्णय फिरवावा लागला. त्यांच्या मनात टपाल खात्याच्या कामगारांची सुट्टीही होती, हे टीकाकार विसरतात. पण रविवारी बागेत वाद्यवृंद ऐकणाऱ्या कामगाराला आनंदाची दुसरी जागाच नव्हती, हे शाफ्ट्सबरीही विसरले. प्रश्न १४ मध्ये रविवार पुन्हा येईल.

१३. कामगार, वेडे, चिमणी झाडणारी पोरे यांच्यासाठी केलेले काम धर्मप्रसारासाठीच होते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. माझे उत्तर असे, की ते वेगळे करता येत नाही. १८४२ च्या कायद्याने बायका आणि दहा वर्षांखालचे मुलगे खाणीत उतरणे बंद झाले, त्या वेळी समोरच्या कोणाला बाप्तिस्मा देणे हा मुद्दाच नव्हता. वेड्यांच्या आयोगाचे ते १८८५ पर्यंत अध्यक्ष होते, तिथेही नाही. पण प्रत्येक देह हा देवाच्या प्रतिमेचा आहे आणि प्रत्येक आत्म्याचा हिशेब होणार आहे, हा विश्वास काढून टाकला तर एवढी वर्षे, ना मंत्रिपद ना पैसा, हा माणूस का राबला, याचे उत्तर मिळत नाही.

परीक्षेत चुकणारी गोष्टही सांगून टाकतो. १८४७ चा दहा तासांचा कारखाना कायदा पास झाला तेव्हा ते कॉमन्समध्ये नव्हतेच. परदेशी धान्यावर जकात लावणाऱ्या धान्य कायद्यांवर मत बदलल्यामुळे १८४६ च्या जानेवारीत त्यांनी जागा सोडली होती, मतदारांना दिलेला शब्द मोडून बसणे पटेना म्हणून. विधेयक शेवटाला नेले ते जॉन फील्डन यांनी.

जवळून पाहायचे तर गोल्डन लेनला चला. लंडनमधली ही हातगाडीवाल्यांची वस्ती. तिथल्या मिशनच्या मंडळींत शाफ्ट्सबरींनी स्वतःचे नाव घातले आणि आपली एक गाडी ठेवली. तिच्यावर घराण्याचे मानचिन्ह रंगवलेले. गरज पडेल त्या विक्रेत्याने ती वापरावी. मग त्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना एक गाढव भेट दिले. म्हाताऱ्या अर्लनी गाढवाच्या मानेत हात टाकून भाषण केले.

१४. मुंबईच्या गिरण्यांशी त्यांचा खरेच संबंध होता? की मँचेस्टरवाल्यांचा हस्तक म्हणून ते बोलले?

संबंध होता. हिंदुस्थानचा कारभार त्यांना नवा नव्हता. १८२८ मध्ये त्यांची पहिली सरकारी नेमणूक कंपनी सरकारवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलमध्ये झाली होती. १८७५ मध्ये लॉर्ड्समध्ये त्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांचा प्रश्न काढला. पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत काम, लहान पोरे मागांपाशी, आठवड्याची सुट्टी नाही. त्याच वर्षी मुंबई सरकारने चौकशी आयोग बसवला. १८७९ मध्ये ते पुन्हा उठले. धर्म, रंग, अक्षांश-रेखांश यांनी माणसाचा पिंड बदलत नाही, असा त्यांचा मुद्दा. मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली हेही कायद्यासाठी झटत होते. १८८१ चा कायदा झाला तो अगदी तोकडा. सात वर्षांखालच्या मुलांना मनाई, बारापर्यंतच्यांना नऊ तास. मोठ्या माणसांच्या तासांना हातच लावला नाही.

मँचेस्टरच्या गिरणीमालकांना मुंबईची स्पर्धा खुपत होती आणि त्यांना हा कायदा हवाच होता, हे खरे. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी तेव्हाच ते बोट ठेवले. पण शाफ्ट्सबरी मँचेस्टरच्याच गिरणीमालकांशी चाळीस वर्षे भांडले होते, हेही तितकेच खरे. मालकांचा हेतू त्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

आणि खरी लढाई इथल्यांनीच लढली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला आणि १८९० मध्ये मालकांकडून आठवड्याची सुट्टी मिळवली. ती रविवारची. इंग्लंडच्या अर्लला रविवार हवा होता तो शब्बाथ, म्हणजे देवाने नेमलेला विश्रांतीचा दिवस, म्हणून, परळच्या कामगाराला तो खंडोबाचा वार म्हणूनही जवळचा होता.

१५. चर्चच्या कामात एवढे पडलेले हे पहिलेच उमराव का?

नाही. त्यांच्याआधी हंटिंग्डनच्या काउंटेस सेलिना हेस्टिंग्ज होत्या, १७०७ ते १७९१. उमरावाला घरचे खासगी पाद्री ठेवायचा हक्क असे. त्या हक्काच्या आधाराने त्यांनी मेथडिस्ट, म्हणजे अठराव्या शतकातल्या धर्मजागृतीच्या, विचारांच्या पाद्र्यांना आसरा दिला आणि ठिकठिकाणी चॅपेले बांधली. लंडनच्या स्पा फील्ड्सच्या चॅपेलवरून प्रकरण चर्चच्या न्यायालयात गेले, निकाल विरुद्ध लागला, आणि त्यांना आपली चॅपेले चर्चबाहेरची म्हणून नोंदवावी लागली. शाफ्ट्सबरींनी चर्चच्या आत राहून पार्लमेंटमार्फत कायदाच बदलायचा मार्ग धरला (प्रश्न ७).

१६. पिकॅडिली सर्कसचा 'इरॉस' त्यांचाच का? त्यांना कुठे पुरले?

होय, १८९३ मध्ये उघडलेले ते कारंजे त्यांचेच स्मारक. ॲल्युमिनियमची ती पंख असलेली मूर्ती आल्फ्रेड गिल्बर्ट यांची. शिल्पकाराच्या मनात इरॉसचा भाऊ अँटेरॉस होता, निःस्वार्थ प्रेमाचा देव. लोकांनी इरॉस म्हटले आणि तेच नाव राहिले.

८ ऑक्टोबर १८८५ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला. बूट पॉलिश करणारी पोरे, फुले विकणाऱ्या मुली, हातगाडीवाले आपापल्या संस्थांचे झेंडे घेऊन रस्त्यात उभे होते. झेंड्यांवर मत्तयाच्या शुभवर्तमानातली वचने होती: 'मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले', 'उघडा होतो, तेव्हा तुम्ही मला वस्त्र दिले'. देह मात्र ॲबीत ठेवला नाही. डॉर्सेटमधल्या विम्बॉर्न सेंट जाइल्स या आपल्या गावच्या चर्चमध्ये मिनीशेजारी पुरावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्या चर्चला १९०८ मध्ये आग लागली. नंतर ते निनियन कॉम्पर या वास्तुकाराने पुन्हा उभे केले, हाय चर्चच्या थाटात, सोन्याचा मुलामा आणि कोरीव लाकूडकाम यांनी नटवून.